वरवरचा तोटा

थंडर बेच्या वाचनालयाचं तळघर,
एप्रिलचा शेवटचा आठवडा.
सरोवराच्या काठाला बर्फ अजून चिकटलेलं,
पातेल्याला करपलेला भात चिकटतो तसं.

मी इथला बिनपगारी कारकून.
रेल्वेतून निवृत्त झालो, आकड्यांची खोड गेली नाही.
दारावर पाटी आहे: फक्त साधे कर-अर्ज.
साधं कुणाचंच नसतं.

गॅस्टन टिबो ट्रक चालवतो. विनिपेग, परत, विनिपेग.
रात्रीच्या थांब्यावर, इंजिन चालू ठेवून,
फोनवरून अमेरिकन शेअर घेतो.
लाभांशातले पंधरा टक्के
सीमेच्या अलीकडे येतच नाहीत.
"पण खातं करमुक्त आहे ना?"
आपल्याकडे करमुक्त. त्यांना काय त्याचं!
"आणि निवृत्तीच्या खात्यात ठेवले असते तर?"
तर पूर्ण आले असते.
"हे मला आधी कोण सांगणार होतं?"
पुस्तिका चाळल्यासारखं करतो मी.

मग मर्ना पेल्टिए, रात्रपाळीची नर्स,
डोळे अजून वॉर्डातच राहिलेले.
भाव कोसळला तेव्हा घाबरून विकला,
एकोणिसाव्या दिवशी जीव राहवेना, परत घेतला.
आता तोटा दाखवायचाय.
म्हटलं, तीस दिवसांच्या आत परत घेतलात,
कायदा याला वरवरचा तोटा म्हणतो.
"वरवरचा?" ती इतकी हसली
की बालविभागातून कुणीतरी डोकावलं.
"म्हणजे पार्किंगमध्ये रडले ते खोटं?"
खोटं नाही. फक्त आत्ता मोजायचं नाही.
नव्या शेअरच्या किमतीत मिळवून ठेवायचं,
शेवटचं विकाल तेव्हा उपयोगी पडेल.
हे तिनं हातावर लिहून घेतलं. हातावरच.

इर्या लाहतिनेन सर्वांत शेवटी.
बियाण्यांच्या कॅटलॉगचं पाकीट,
त्यात फिनलंडहून आलेले कागद:
धाकट्या भावाचे चार हजार दोनशे शेअर,
केमीच्या कागद गिरणीचे. आता हिचे.
"परदेशातलं एक लाखाच्या वर गेलं तर सांगावं लागतं म्हणे.
लाख कुठले? आजच्या भावाचे की खरेदीचे?"
खरेदीचे.
"मी कुठे खरेदी केलेत?"
वारशानं आले असतील तर, मी म्हणालो,
आणि इथे जरा हळू म्हणालो,
ते गेले त्या दिवशीचा भाव
हीच तुमची खरेदी.

ती पाकिटावरच्या टोमॅटोच्या चित्राकडे बघत राहिली.
"सोमवारी सापडला तो.
डॉक्टरनं लिहिलंय शनिवार, आणि पुढे अंदाजे."

शनिवारी बाजार बंद.
अर्जात अंदाजे लिहायला चौकट नाही,
आणि उशीर केला तर दंड, दिवसाला पंचवीस डॉलर.
मी शुक्रवारचा बंद भाव काढला:
वीस युरो दहा सेंट.
तेव्हाच्या दरानं डॉलर केले:
एक लाख चोवीस हजार सत्त्याण्णव.
सोमवारचा भाव जरा कमी होता, तेही सांगितलं.
काही लोक असं विचारतात.

"शुक्रवारी फोन आला होता त्याचा," ती म्हणाली.
"लाकडं फोडून झाली म्हणत होता. पाठ दुखतेय म्हणत होता.
मी म्हटलं, ओव्हनमध्ये पाव आहे, उद्या बोलू."

छपाईयंत्र कुरकुरत होतं.
वर कुणीतरी खुर्च्या आवरत होतं.

"शुक्रवारचाच लाव," ती म्हणाली.
"शुक्रवारी होता तो."

मी देशाच्या रकान्यात फिनलंड लिहिलं,
किमतीच्या रकान्यात शुक्रवार,
आणि कुठे सही करायची तिथे
पेन्सिलनं बारीकशी फुली मारून दिली.
तिनं सही केली, मग फुली खोडरबरानं पुसली,
चुरा तळहातावर गोळा केला,
आणि विचारलं, पाव आणलाय थोडा,
इथे खायला चालतं का?